सोनाबाईच्या घरातला फुकटचा नाश्ता

मेलबर्नला राहायला गेल्यापासून मी एकही वस्तू तिच्या खऱ्या किमतीला घेतलेली नाही. दुकानात किंमत डॉलरमध्ये लिहिलेली असते, पण मला ती रुपयांतच दिसते आणि खिशातून निघालेला हात परत खिशात जातो. तिथे मसाला डोसा अठरा डॉलरला मिळतो, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. हजार रुपयांत तंजावुरात मी सगळ्या मावसभावंडांना डोसे घातले असते, वर कॉफीही पाजली असती. म्हणून मेलबर्नला मी डोसा खात नाही, दुसऱ्याने मागवलेला बघतो. केस कापायला चाळीस डॉलर पडतात हे कळल्यावर ते काम मी बायकोकडे, वत्सलेकडे, सोपवलं. (पुढचे काही महिने ऑफिसात लोक माझ्याशी फार हळुवार आवाजात बोलत.)

तंजावुरात आलो की हाच आजार उलटतो. मग रुपये डॉलरमध्ये दिसतात आणि सगळं फुकट वाटू लागतं. मागच्या खेपेला मी पितळेच्या पाच मोठ्या समया घेतल्या. आमचं मेलबर्नचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट आहे.

यंदा माझ्या बहिणीच्या, इंदू अक्काच्या, मुलीचं लग्न होतं. महिनाभर राहायचं ठरलं. अक्काचा फ्लॅट पाहुण्यांनी भरलेला, लॉजचे दर लग्नसराईतले. अशात एका दलालाने राजवाड्यामागच्या गल्लीत एक घर दाखवलं. भाडं महिन्याला पाच हजार. मी मनात हिशेब केला. मेलबर्नच्या मध्यवस्तीत दोन दिवस गाडी उभी करायला एवढेच पैसे पडतात. तरी सवयीने म्हणालो, "चार."

"बरं," दलाल म्हणाला.

घासाघीस करताना समोरचा इतक्या लवकर कबूल झाला, की जरा शंका यायला हवी. मला आनंद झाला.

अक्काला फोन केला. तिने आमच्या तंजावुरी मराठीत एवढंच विचारलं, "एवढें स्वस्त कां, तें विचारलंस कां?"

"अक्का, डॉलरमध्ये बघितलं तर—"

"मी डॉलरचें विचारत नाही," ती म्हणाली. पण तेवढ्यात तिला आचारी भेटायला आला आणि विषय तिथेच राहिला.

घर आमच्याकडच्या जुन्या घरांसारखं लांबच लांब होतं. पुढचं दार एका गल्लीत, मधे अंधाऱ्या खोल्यांची रांग, मग परसू, आणि मागचं दार दुसऱ्याच बोळात. समोर बंद गोदामं होती, त्यामुळे आम्ही सामान घेऊन आत गेलो तेव्हा बघायला कोणी नव्हतं. दलालाने किल्ली उंबऱ्याबाहेरूनच दिली. दिवे कुठे आहेत ते त्याने बाहेर उभं राहून बोटाने दाखवलं. परसात एक विहीर होती, पत्र्याने झाकलेली. माझी मुलगी मीरा तिच्याकडे एकदा बघून म्हणाली, "अप्पा, मी तिकडे जाणार नाही." आम्हीही गेलो नाही. आतल्या खोल्यांत भर दुपारी मोगऱ्याचा वास येत होता आणि घरात मोगरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं. पायरीवर केळीच्या पानाने झाकलेलं ताट. वाफाळत्या इडल्या, चटणी, वाटीत पेला ठेवून फिल्टर कॉफी, शेजारी मोगऱ्याचा गजरा. बोळात दोन्ही बाजूंना बघितलं. कोणी नाही. सगळी दारं बंद.

"दलालाने सोय केलेली दिसते," मी म्हणालो. "भाड्यात धरलेली असणार."

"चार हजारांत?" वत्सला म्हणाली.

"इथे सगळं स्वस्तच असतं. तिकडे याला पंचवीस डॉलर पडले असते."

इडली तोंडात विरघळत होती. गजरा वत्सलेने माळला. मी ताट स्वच्छ घासून पायरीवर ठेवलं आणि पेल्याखाली पन्नासची नोट सरकवली. (डॉलरमध्ये एकाहूनही कमी. मला फार उदार वाटलं.)

दुपारी ताटही नव्हतं, नोटही नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी ताट येत राहिलं. पोंगलची खिचडी, सांबारात भिजवलेला वडा, केळ्याचं शिकरण. मात्र आणणारा कधी दिसेना. मी पहाटेच उठून दाराआड थांबलो, तर कॉफी करायला आत वळलो तेवढ्यात ताट येऊन पडलं होतं. वत्सलेच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. "सगळं मऊ असतं," ती म्हणाली. "दात नसलेल्या माणसासाठी केल्यासारखं."

मग एके दिवशी ताटाशेजारी घडी करून ठेवलेली हिरवी रेशमी साडी निघाली. नऊवारी, जुन्या पद्धतीच्या काठांची.

"कुठलं हॉटेल नाश्त्याबरोबर साडी देतं?" वत्सलेने विचारलं.

"लग्नसराईची काही योजना असेल."

तिला ते पटलं नाही. पण साडी सुरेख होती आणि तिची किंमत विचारायला समोर कोणी नव्हतं. तिन्हीसांजेला तिने ती नेसून परसात एक फेरी मारली. त्याच वेळी बोळात कुणाची तरी सायकल भिंतीवर आदळल्याचा आवाज झाला आणि धावती पावलं लांब गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाने बोळ अगदी निपचित पडला होता. मीरा हळूच माझ्या खोलीत आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की शब्द कमी पडतात. "अप्पा," ती म्हणाली, "दाराच्या मागे कोणतरी श्वास करतंय."

मी मागच्या दारापाशी जाऊन कान लावला. पलीकडे खरंच कोणीतरी होतं. मग एका म्हातारीचा खोल गेलेला आवाज आला, आमच्याच जुन्या मराठीत.

"सोना, पोट भरलें कां? अजून राग आहे कां गे?"

माझ्या अंगावर काटा आला. पलीकडून दार नखांनी हलकेच खरवडल्यासारखं झालं.

"पोंगलांत मीठ जास्त झालें कां?"

आणि माझ्या तोंडून, मेलबर्नच्या हॉटेलांत वेटरने विचारल्यावर निघतं तसं आपोआप निघालं, "नाही, नाही. छान झाला होता."

पलीकडे ताट दगडावर पडलं. ते बराच वेळ घरंगळत राहिलं.

संध्याकाळी इंदू अक्का आली. लग्नाचं सगळं टाकून ती पुढच्या दाराने आत आली आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "रामू, तुम्ही सोनाबाईच्या घरांत आहांत?"

"कोण सोनाबाई?"

"गेल्या वर्षी येथेंच गेली. एकटी. दोन दिवस कोणाला कळलेंही नाही. मागच्या बोळातल्या गोदा मामी, तिची मैत्रीण, तेव्हापासून रोज तिच्या नावाचें ताट ठेवतात. इतके दिवस कावळे खायचे. आता म्हणे ताट घासून परत येतें, हिरवी साडी नेसून ती परसांत फिरते. तेथवरही लोकांनी सोसलें असतें. पण ती पैसे ठेवते म्हणे."

"त्यात काय?"

"सोनाबाईने जिवंतपणी कोणाला एक पैसा दिलेला नाही. म्हणून बोळ घाबरला आहे. ही ती नव्हेच, दुसरेंच काहीतरी आहे म्हणतात. आणि आज दुपारीं आतून पुरुष बोलला. तिचा नवरा जाऊन चाळीस वर्षें झालीं."

वत्सला तोपर्यंत आत जाऊन हिरवी साडी घेऊन आली होती. तिने साडीची घडी माझ्या हातावर ठेवली, दुसऱ्या हातात दुपारी पायरीवर पडलेलं ताट दिलं आणि म्हणाली, "तुम्हीच जाऊन सांगा. योजना काय होती ती."

मागच्या दाराबाहेर कुजबुज ऐकू येत होती. कापराचा वास येत होता. मी कडी काढली. दिवेलागणीच्या त्या अर्धवट उजेडात सगळा बोळ दाराभोवती जमला होता आणि गावाकडून आणवलेला एक मांत्रिक डोळे मिटून लिंबं मांडत होता. भुताटकीच्या घराचं दार उघडलं आणि आतून एक माणूस एका हातावर मयताला वाहिलेली साडी आणि दुसऱ्या हातात तिचं ताट घेऊन बाहेर आला. मी नम्रपणे "वणक्कम" म्हणालो. त्यानंतर मला सगळ्यांच्या पाठीच दिसल्या. मांत्रिक सगळ्यांत पुढे होता.

फक्त गोदा मामी पायरीवर बसून राहिल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना लवकर उठता येत नसे.

मी त्यांना सगळं सांगितलं. मध्येच दोनदा माफी मागितली. त्या माझ्याकडे न बघता साडीवरून हात फिरवत होत्या.

"ह्या साडीवरूनच आमचें बोलणें तुटलें," त्या म्हणाल्या. "मी आणलेलें काही दिसलें, कीं ती विचारायची, केवढ्याला. सांगितलें, कीं म्हणायची, मला ह्याहून स्वस्त मिळालें असतें. जन्मभर तेंच. ह्या साडीच्या वेळीं मी म्हणालें, तुला आता कशाचीच किंमत सांगणार नाही. मग तिने येणें सोडलें, मीही सोडलें. आणि ती तशीच गेली."

त्यांनी साडीची घडी पुन्हा नीट केली.

"पैसे तिचे नव्हेत, हें मला कळत होतें," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "पण वाटलें, मेल्यावर हात सैल होत असेल." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "सगळें तूंच खाल्लेंस?"

"आम्ही तिघांनी."

"तिकडे तुमच्या गावीं ह्याला किती पडतात?"

"पंचवीस डॉलर. म्हणजे तेरा-चौदाशे रुपये."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. सोनाबाईला ऐकवायला एक किंमत त्यांना अखेर मिळाली होती, आणि या फुकट ताटाहून स्वस्त तिला कुठेच काही मिळालं नसतं. "आणि दुसरें ताट?" त्यांनी विचारलं. "तेंही तुम्हीच घासायचांत कां?"

"कुठलं दुसरं ताट?"

त्यांनी बोट दाखवलं. विहिरीजवळ परसाची भिंत ढासळली होती. तिथून हात घालून त्या विहिरीच्या कठड्यावरही एक ताट ठेवत. "तेथें तिला बसायला आवडायचें."

वत्सलेने मीराकडे बघितलं, मीराने माझ्याकडे.

"मांजर खात असेल," मी म्हणालो.

"मांजर ताट घासतें कां?" गोदा मामींनी साधेपणाने विचारलं.

आम्ही त्याच संध्याकाळी निघणार होतो. पण अक्काच्या घरी झोपायला गॅलरीही उरली नव्हती आणि दलाल फोन उचलत नव्हता. राहिलो. सकाळी मागच्या दारावर रीतसर थाप पडली. गोदा मामी ताट घेऊन उभ्या होत्या.

"आता तूं जिवंत आहेस हें कळलें," त्या म्हणाल्या, "तेव्हा पैसे लागतील. तिकडच्या निम्मे घेईन."

सातशे रुपयांचा नाश्ता तंजावुरात कोणी विकत घेतला असेल असं मला वाटत नाही. मी वाद घालायच्या तयारीत ताटाकडे बघितलं. त्यात एक वडा होता. मामी पुढे झाल्या, भिंतीच्या फटीतून हात घालून त्यांनी दुसरं ताट कठड्यावर ठेवलं. त्यात दोन वडे होते आणि वाटीभर पायसम. मी तोंड उघडलं, तोच विहिरीच्या बाजूने आवाज आला. कोणी कॉफी पिऊन पेला दगडावर टेकवावा, तसा.

मामींनी वळूनही बघितलं नाही. मी खिशातल्या पाचशेच्या दोन्ही नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या, ताट घेतलं आणि आतून कडी लावली. वरचे तीनशे अजून त्यांच्याकडेच आहेत.