चिनीबाई आणि पाहुणा

चिनीबाई कुणी केलेलं वाईट कधी विसरत नसत. हे मी कौतुकानं लिहिते आहे. मस्कतजवळच्या सीबच्या मासळीबाजारात एका विक्रेत्यानं त्यांना एकदा शिळी सुरमई गळ्यात मारली. त्यानंतर कित्येक वर्षं दर शुक्रवारी त्या त्याच्याच ओट्यासमोर उभ्या राहायच्या, त्याची मासळी नीट निरखायच्या आणि मग शेजारच्या ओट्यावरून घ्यायच्या. त्यानं भाव उतरवून पाहिला, लांबूनच सलाम करून पाहिला, ईदला खजूर पुढे केले. बाईंनी खजूर घेतले, शुक्रन म्हटलं आणि सुरमई शेजाऱ्याकडूनच घेतली. "मी भांडत नाही गं," त्या मला म्हणायच्या, "मी फक्त लक्षात ठेवते."

तिथल्याच अल हैलमध्ये आमची दारं समोरासमोर. त्यांचे यजमान, म्हणजे अण्णा, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर इंजिनीअर होते. त्याआधी नोकरीनिमित्त ते दोघं बरीच वर्षं चीनमध्ये राहिले. बाकीच्या बायका तिथून रेशमी कापड आणि चहाचे कप आणतात. बाईंनी तिथली भाषा आणली आणि एक लांबलचक काळी पेटी आणली. ती वर चढवताना आमच्या वॉचमनला वाटलं इस्त्रीचं टेबल आहे. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी त्यांना चिनीबाई म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेनं. पुढे तेच नाव चिकटलं आणि त्यांनीही ते मिरवलं. मी तोंडावर ताई म्हणायची, मनात मात्र त्या चिनीबाईच होत्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला येत होती, एवढ्यावर आमची मैत्री जमली.

पेटीत गुचीन असायचं. सात तारांचं, रोगण लावलेलं लांबट वाद्य. त्याचा आवाज इतका हळू की समोर बसलेल्या माणसालाही कान द्यावा लागतो. त्यामुळे बाई वाजवायला बसल्या की आधी एसी बंद व्हायचा. मस्कतच्या जुलैत एसी बंद करून बसणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. मंडळाच्या एका पदाधिकारी बाईंनी एकदा चारचौघींत, "तुमचं ते चिंग-चांग कधीतरी ऐकवा की," असं म्हटलं होतं. चिनीबाईंनी त्यांना अगत्यानं बोलावलं, भर जुलैत, भर दुपारी. दारं-खिडक्या बंद, पंखाही बंद, आणि सगळ्यात लांबलचक रचना. त्या घामानं निथळत, पदरानं वारा घेत बसल्या होत्या, आणि पदराचा आवाज होतो म्हणून बाईंनी त्यांना तेही करू दिलं नाही. आणि वर निघताना गरम चहाही पाजला.

पण खरं काम त्यांचं वाजवण्याचं नव्हतं, शोधण्याचं होतं. सकाळी इथल्या भारतीय शाळेत त्या पोरांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, दुपारनंतर जुन्या चिनी पोथ्यांच्या छायाप्रती घेऊन बसायच्या. त्यांनी मला हे गाडीत इतक्यांदा समजावलं आहे की आता मीही सांगू शकते. या वाद्याच्या जुन्या लिपीत कुठलं बोट, कुठली तार, तारेवर कुठे दाबायचं, सगळं लिहिलेलं असतं. एकच गोष्ट लिहिलेली नसते, ती म्हणजे किती वेळ. कुठला सूर लांबवायचा, कुठे थांबायचं, लय कुठली, हे ज्यानं त्यानं स्वतः शोधायचं. जी रचना आज कुणीच वाजवत नाही, तिच्यात असा जीव आणायला वर्षं लागतात. या कामाला तिकडे दापू म्हणतात. धुक्यात आपली नाव सापडत नाही अशा माणसाच्या एका विसरलेल्या रचनेवर बाई आम्ही इथे राहायला येण्याआधीपासून काम करत होत्या. कधी भाजी निवडताना हात थांबायचा आणि मांडीवर बोटं चालायची. "ती जागा सुटली," म्हणायच्या, आणि त्या दिवशी आमटीत मीठ पडायचं नाही.

आणि मग पाहुणा आला. त्याचं नाव त्या कधीच घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. पुण्याकडच्या एका विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक होता, आशियातल्या संगीतपरंपरांवर व्याख्यानं द्यायचा, आणि मंडळानं त्याला बोलावलं तेव्हा उतरायची सोय बाईंकडे झाली. आठवडाभर राहिला. पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली, बाईंना वहिनी म्हणाला, थोडंबहुत गुचीन आपणही शिकलोय म्हणाला. बाईंच्या कामाबद्दल बोलायला एवढ्या वर्षांत पहिलाच माणूस भेटला होता. त्यांनी सगळं उघडून दाखवलं. जाताना त्यानं "अभ्यासाला" म्हणून त्यांच्या वादनाचं रेकॉर्डिंग मागून नेलं, अण्णांनी घरीच केलेलं.

त्यानंतर काही काळानं त्याचं पुस्तक आलं. चिनी संगीताची परंपरा आणि मध्ये एक मोठं प्रकरण: एका हरवलेल्या रचनेचं पुनरुज्जीवन, स्वतःच्या दीर्घ साधनेतून. धुक्यातली तीच रचना. लय तीच, लांबवलेले सूर तेच. बाईंचं नाव मनःपूर्वक आभार मानलेल्यांच्या लांब रांगेत, त्याच्या छायाचित्रकाराच्या खाली. बाईंनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे छापता येणार नाही.

त्यांनी त्याच्या विद्यापीठाला रीतसर कळवलं. तिथल्या चौकशी समितीचं उत्तर यायला फार दिवस लागले आणि ते आलं ते असं की मूळ लिपी शेकडो वर्षं जुनी आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही, आणि दोन अभ्यासक स्वतंत्रपणे एकाच लयीपर्यंत पोचू शकतात. त्या दिवसापासून बाईंनी वाजवणं सोडलं. पेटीवर टेबलक्लॉथ टाकला, त्यावर कुंडी ठेवली. मी रोज येता-जाता ती कुंडी बघायची आणि माझा संताप संताप व्हायचा. आयुष्याची इतकी वर्षं माणसानं एका रचनेला द्यावीत आणि कुणीतरी भाकरी खाऊन ती उचलून न्यावी, आणि वर शहाण्यांनी सांगावं की हा योगायोग.

पुस्तकाबरोबर त्याच्या वादनाचं रेकॉर्डिंगही होतं. बाईंनी ते ऐकलंच नव्हतं, त्यांना ऐकवत नव्हतं. एका शुक्रवारी मीच हट्ट धरला. एसी बंद केला, अण्णांनाही बसवलं. सुरुवातीपासून सगळं तसंच चाललं होतं, आणि मध्येच वादन थांबलं. लांबलचक शांतता. बाई पुढे झुकल्या. शांतता संपून पुढचा सूर आला तेव्हा अण्णा म्हणाले, "अगं, हे तर विमान."

आमचं अल हैल विमानतळाच्या वाटेवर. विमान डोक्यावरून गेलं की गुचीन ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून ते जाईपर्यंत बाई तारांवर हात ठेवून थांबायच्या आणि मग पुढे वाजवायच्या. अण्णांनी केलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये तसंच झालं होतं. त्या रचनेत तिथे थांबायला काहीही कारण नव्हतं. पाहुण्यानं नीट न ऐकताच कुणाकडून तरी त्यातले बाहेरचे सगळे आवाज पुसून घेतले असणार, आणि मग उरलेली रिकामी जागा तशीच पाठ करून वाजवली. एवढंच नाही, तर त्या जागेवर पुस्तकात पानंच्या पानं होती. शून्याचं तत्त्वज्ञान, धुक्यात हरवलेलं मन, पूर्वेकडचं मौन.

कुंडी खाली उतरली. मी म्हटलं, ताई, आजच्या आज त्या समितीला पाठवा. त्यांनी मान हलवली. "समिती ते फायलीत ठेवेल. मला माणसांसमोर हवंय."

मंडळाला त्याचं नाव बाईंनीच पुन्हा सुचवलं. पुस्तकावर व्याख्यान ठेवा म्हणाल्या, मी गुचीनही आणते. त्यानं फोन करून, वहिनी, मध्यंतरी थोडा गैरसमज झाला होता, असं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, आधी जेवायला या. आदल्या दिवशी त्याला घरी वाढलं. अण्णा ताटावरून लवकरच उठले. बाईंनी मात्र त्याला आग्रह करकरून भाकरी वाढली, लोणी वाढलं, आणि मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "नीट खाऊ दे त्याला. उद्या जेवण जायचं नाही."

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका सभागृहात कार्यक्रम झाला. त्यानं रेकॉर्डिंग ऐकवलं, ती शांतता आली तेव्हा डोळे मिटून घेतले, आणि नंतर तिच्यावर बराच वेळ बोलला. प्रश्नांच्या वेळी बाई उठल्या. अतिशय मऊ आवाजात त्यांनी विचारलं, ही शांतता कुठल्या पोथीत आहे? तो म्हणाला, पोथीत नसते, वहिनी, ती दोन खुणांच्या मध्ये असते. मग गुरूंकडून मिळाली का? नाही, ती फार वर्षांच्या चिंतनातून सापडली. म्हणजे तुमचीच? हो, नम्रपणे सांगतो, माझीच. असं सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतल्यावर बाईंनी मला खूण केली आणि मी अण्णांचं मूळ रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं.

तीच लय, तेच सूर. मग लांबून घरघर सुरू झाली, वाढत वाढत डोक्यावर आली, आणि त्यात बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "जाऊ दे याला, मग घेते." घरघर विरली. पुढचा सूर लागला.

सभागृहात अर्धे लोक सीब आणि अल हैलचे. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेत रत्नागिरीकडचे हमीदभाई बसले होते, सीबच्या जुन्या बाजारातले कापडवाले. ते शांतपणे म्हणाले, "खलास." तिथून जो हशा सुरू झाला तो पुढच्या रांगेपर्यंत येऊन व्यासपीठावर आदळला. बाई मात्र हसल्या नाहीत. "ते शून्य नव्हतं, सर," त्या म्हणाल्या. "माझ्या घरावरून विमान चाललं होतं."

त्यानं पाणी प्यायलं, काहीतरी सहकार्य, काहीतरी सामायिक शोध असं पुटपुटला, आणि चहाच्या आधीच बाजूच्या दारानं गेला. मी आयुष्यात इतकी आनंदी क्वचित झाले आहे. सूड वाईट असतो, त्यानं मन पोखरतं, असं सांगणारे लोक मला भेटतात. त्यांना कुणी लुटलेलं नसतं. बाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला भूक लागलीय." वाटेत पराठा आणि करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा, घेतला. त्यांनी दोन पराठे खाल्ले आणि त्या दिवसापासून पुन्हा रोज वाजवायला बसू लागल्या.

कुणीतरी तो प्रसंग फोनवर टिपला होता. तो फिरत फिरत पुण्यापर्यंत गेला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती थांबली, त्याची व्याख्यानं कमी झाली असं ऐकलं. पण पहिली आवृत्ती आहेच, ग्रंथालयांत आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावर अजून त्याचंच नाव आहे.

पुढे बाई आजारी पडल्या. ते दुखणं बरं होणारं नाही हे आम्हाला आधी कळलं आणि आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. पाहुण्याच्या कानावरही कुठून तरी गेलं. त्यानं हॉस्पिटलमध्ये अण्णांच्या फोनवर फोन केला, रडला, माफी मागितली. अण्णा भला माणूस, विरघळले. मंडळाच्या बायका येऊन बसल्या: आता कशाला मनात ठेवताय, मोकळ्या व्हा, त्यालाही मोकळं करा. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळ्या गेल्यावर मला जवळ बोलावलं. हात इतका बारीक झाला होता की धरायची भीती वाटायची.

"मनीषा, मी मेले की लोक मला चांगली करून टाकतील," त्या म्हणाल्या. "तू करू देऊ नकोस. त्यानं माझं काम परत केलं नाही, नुसती माफी मागतोय. तो तुला विचारेल. विचारल्याशिवाय राहणार नाही. त्याला खरं सांग."

मी रडत रडत हो म्हटलं. त्यांच्यासारखं दुसरं माणूस मला भेटलं नाही आणि आता भेटणारही नाही. त्या गेल्यावर मी बरेच दिवस समोरच्या दाराकडे न बघता जिना उतरायची.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. अण्णांनी, मनीषाशी बोला, म्हणून माझा नंबर दिला होता. नवी आवृत्ती काढायचं घाटतंय, तो म्हणाला, आणि ती वहिनींच्या स्मृतीला अर्पण करायची इच्छा आहे. मी म्हटलं, अर्पण नको. मुखपृष्ठावर त्यांचं नाव घाला आणि त्या प्रकरणावरचं तुमचं काढा. त्यावर तो घुटमळला, प्रकाशकाशी बोलतो म्हणाला, तांत्रिक अडचणी सांगू लागला. मी ऐकत राहिले. शेवटी आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मनीषाताई, जाताना तरी वहिनींनी मला माफ केलं असेल ना?"

"नाही," मी म्हटलं. "नाही केलं. तुम्ही विचाराल तेव्हा सांग, म्हणून मला सांगून गेल्यात."