टाचण्या लावलेला केक

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं जे दुकान आहे, त्याच्या मालकिणीला सगळे समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कात्री’. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं दुःख सोडा, तिला त्याचा छुपा अभिमानच होता. तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याचं कापड होत असे, आणि तेही आडवं कापलेलं, पुन्हा काही शिवता येणार नाही असं.

दुकानात शांतता फक्त एकाच वेळी असे. काम करताना कात्री टाचण्या ओठांत धरायची. गिऱ्हाइकं ती संधी साधायची. तोंडात टाचण्या आहेत असं दिसलं की घाईघाईने सांगून टाकायची, बाही सैल हवी, खिसा आत हवा, मागच्या वेळी गळा फसला होता. कात्री नुसती डोळे वटारायची. एकेक टाचणी कापडात जायची, उरलेली एप्रनच्या छातीशी खोचली जायची, आणि तोंड मोकळं झालं की गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडलेलं बरं.

या बाईचं बालवाडीच्या बाईंशी हाडवैर होतं. दोघी एकाच वयाच्या, एकाच गल्लीत वाढलेल्या. वैराचं मूळ एका कोटात होतं. बाईंनी जुना कोट सैल करायला आणला, आणि कात्रीने भर दुकानात, गिऱ्हाइकांनी ओटा भरलेला असताना, शिवण उलटी करून उजेडात धरली.

"बाई, आत सोडायला कापडच उरलं नाही हो. मागच्या वेळीच सगळं सोडलं. आता दुसरं कापड जोडावं लागेल. पडद्याचं चालेल?"

बाई कोट घेऊन गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून त्या पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे जात, आणि मुद्दाम कात्रीच्या दुकानावरून जात. तो शिंपी बाह्या कमीजास्त लांबीच्या करतो हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, पण बाई हात जरा वाकवून चालत.

डूख धरायला बाईही काही कमी नव्हत्या. त्यांच्या बालवाडीत एक रीत होती. मुलाचा वाढदिवस असला की घरच्यांनी घरी केलेला केक आणायचा, विकतचा चालणार नाही, आणि मुलांना देण्याआधी बाई स्वतः चाखून बघणार. चाखल्यावर "छान" म्हणाल्या की केक वाटायचा. आजवर त्यांनी सगळ्यांना छान म्हटलं होतं, अगदी त्या किराणावाल्याच्या बायकोच्या केकलाही, ज्यात मीठ पडलं होतं. एकदाच म्हटलं नाही. गेल्या वर्षी कात्रीच्या नातीच्या केकला.

तो केक सुनेने केला होता. मधोमध बसला होता बिचारा, पण केक होता. बाईंनी एक घास घेतला, जिभेवर घोळवला, आणि म्हणाल्या, "कच्चा वाटतो. पोरांची पोटं बिघडायला नकोत." केक गेला कपाटावर आणि मुलांना मिळाली बिस्किटं. नात तेव्हा चार वर्षांची झाली होती. घरी येऊन तिने शांतपणे विचारलं, "आजी, आपला केक कपाटावर का ठेवला? तो वाईट वागला का?"

कात्री त्या दिवशी काही बोलली नाही. न बोललेली कात्री किती वाईट, हे तिच्या मुलाला विचारा. तो ट्रक चालवतो आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतो. आई आणि बायको एका स्वयंपाकघरात असताना घरी राहायला नको म्हणूनच त्याने ट्रक निवडला, असं गल्लीत म्हणतात. खरंखोटं त्यालाच माहीत.

यंदा नातीचा वाढदिवस जवळ आला तसं कात्रीने जाहीर केलं, "केक मी करणार."

सून दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवून घेण्याच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी काचेपलीकडून ऐकायची सवय असल्यामुळे घरी तिला काच नसल्याची तेवढी अडचण वाटते. ती म्हणाली, "आई, तुम्ही आयुष्यात कधी केक केलाय का?"

"तू केलास. बघितला सगळ्यांनी, कपाटावर."

"मग बाईंशी भांडण तुमचं आणि केक पाडला माझा, हेही बघितलं असेल सगळ्यांनी."

"म्हणूनच यंदा मी करते. ती बाई माझ्यासमोर घास घेईल आणि सगळ्या आयांसमोर छान म्हणेल. तसं म्हणायला लावलं नाही तर मशीन विकून टाकते."

मशीन विकायची भाषा म्हणजे गंमत नव्हती. नातही कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने दुसऱ्या दिवशी बालवाडीत सांगून टाकलं, की माझी आजी फ्रॉक घातलेला केक आणणार आहे. म्हणजे आता माघार नाही.

कात्रीने केक केला तो शिवणकामासारखाच. केकच्या भांड्याच्या मापाने तळाचा कागद बेतून कापला. पहिले केक करपले. एक शेजाऱ्याच्या कुत्र्याला घातला, तो हुंगून निघून गेला, तेव्हापासून तिचं कुत्र्याशीही बोलणं नाही. मग जमला. वर आलेला फुगवटा तिने ताणलेल्या दोऱ्याने सरळ कापला, मधे जॅमचं अस्तर घातलं, वरून पांढरं क्रीम इस्त्री केल्यासारखं फिरवलं. दिसायला इतका नेटका झाला की सुनेलाही नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्यामुळे ती आणखी चिडली.

मग केकच्या फ्रॉकसाठी कात्रीने पिवळ्या सॅटिनची झालर काढली. केकच्या कडेने चुण्या घालत घालत, एकेका चुणीला एकेक टाचणी, पांढऱ्या मोत्याच्या डोक्याची, क्रीममध्ये दिसू नये अशी. थेट केकमध्ये, जशी दुकानातल्या पुतळ्यावर कापड बेतताना लावतात.

सून बघतच राहिली. "आई, टाचण्या? खाण्याच्या वस्तूत? साखरेच्या पाकाने चिकटवा ना."

"चिकटवाचिकटवी तू कर तुझ्या कागदांवर. हे सॅटिन आहे, डाग पडतो. कापायच्या आधी मी स्वतः काढणार आहे सगळ्या. आईच्या पोटातूनच टाचण्या घेऊन आलेय मी."

सकाळी निघताना तिने ठेवणीतला कोट घातला, एप्रन काढून खुंटीला अडकवला. केक डब्यात ठेवता ठेवता तिला शेवटची चुणी वाकडी वाटली. तिने ती सोडून नीट बसवायला घेतली, तेवढ्यात सून दारातून म्हणाली, "आई, तुमचं होईपर्यंत पोरगी सहा वर्षांची होईल." कात्रीने वळून उत्तर दिलं. चांगलं लांबलचक उत्तर दिलं, त्यात सुनेच्या माहेरचे दोघेतिघे आले. मग डबा उचलला आणि तिघी निघाल्या.

बालवाडीची खोली म्हणजे बुटक्या खुर्च्या, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे, ओल्या मोज्यांचा वास. चारपाच आया मुलांना सोडून रेंगाळल्या होत्या. त्यांना उशीर होत नव्हता असं नाही, पण कात्री आणि बाई समोरासमोर येणार म्हटल्यावर कोण जातंय?

"या, आजी," बाई म्हणाल्या. ‘आजी’ असा काही उच्चारला की जणू कात्रीला काठी आणि दात दोन्ही लागणार होते.

"आले, बाई," कात्री म्हणाली. "कोट छान बसलाय. डावी बाही आखूड ठेवायची फॅशन आहे वाटतं."

बाईंनी हात पाठीमागे घेतले. डबा उघडला. मुलांनी "आऽऽ" केलं आणि आयांनी माना उंचावल्या. नात खुर्चीवर उभी राहिली आणि अशी काही बघू लागली की जणू तिनेच तो फ्रॉक शिवला होता. केक खरोखरच सुंदर दिसत होता. बाईंचं तोंड आंबट झालं, न चाखताच.

"कापड खातात का हे?" त्यांनी विचारलं.

"काढते," म्हणून कात्री पुढे वाकली. पहिली टाचणी काढली आणि ओठांत धरली, दुसरी काढली, ओठांत धरली. हात सवयीने चालले. झालर सुटत गेली आणि तोंड भरत गेलं.

बाईंनी ते पाहिलं. सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना ठाऊक नसेल असं थोडंच आहे? तोंडात टाचण्या आहेत, म्हणजे बोलून घ्यायची हीच वेळ. त्यांनी इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर काढलं.

"बरं झालं हं तुम्ही स्वतः केलात. गेल्या वर्षी सूनबाईंनी काय तो खड्डा आणला होता! पण सासूने शिकवायला हवं ना. स्वतःचं तोंड चालवण्यातून वेळ मिळाला तर! मुलगासुद्धा घरी टिकत नाही म्हणतात."

कात्रीचे कान लाल झाले, डोळे बाहेर आले, ओठांतल्या टाचण्या थरथरल्या, पण बोलणार कशी? सुनेने खाली बघितलं. ती हसत होती की रागावली होती हे कुणाला कळलं नाही, बहुतेक तिलाही नाही.

"चला, मुलं ताटकळलीत," असं म्हणून बाईंनी झालर सुटलेल्या बाजूने सुरी घातली, तुकडा बशीत घेतला आणि घास तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. एवढ्या आया बघत होत्या, केक चांगला होता, आणि गेल्या वर्षीचा खड्डा त्यांनी आत्ताच स्वतः उकरून काढला होता. आता आणखी एक केक पाडला तर लोकांना वैर दिसणार. त्यांनी घास गिळला.

"हं," त्या म्हणाल्या. "छान झालाय."

झालं! वर्षभर ज्याची वाट पाहिली ते शब्द. कात्री आनंदाने फुलली, आणि त्याच क्षणी तिची बोटं शेवटच्या चुणीवर पोचली.

चुणीला टाचणी नव्हती.

भोक होतं. सॅटिनमध्ये नीट गोल भोक, टाचणी जाऊन आलेलं. टाचणी नव्हती. कात्रीने डब्याच्या तळात बघितलं, नाही. टेबलावर, नाही. क्रीम पांढरं, मोती पांढरा. शेवटची चुणी पहिलीच्या शेजारीच असते, आणि बाईंनी नेमका तिथलाच तुकडा काढला होता. समोर मुलं रांगेत उभी राहत होती, सगळ्यांत पुढे नात, दोन्ही हातांची ओंजळ करून.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? एवढ्या मोठ्या केकमध्ये एक टाचणी. हा विचार तिच्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. पण बाईंनी दुसरा घास तोंडाजवळ नेला आणि कात्रीला ओरडायचं होतं, तर तोंडात टाचण्या. तिने हात उगारला आणि बाईंच्या हातावर असा फटका मारला की बशी भिंतीवर जाऊन फुटली.

मग बाई किंचाळल्या, "मारलं! मला मारलं हिने! मुलांसमोर!"

कात्रीने टाचण्या तळहातावर थुंकल्या. "टाचणी! केकमध्ये टाचणी आहे! कुणी खायचा नाही!"

"म्हणजे मला टाचणी चारत होतीस?"

"चारायची असती तर थांबवलं असतं का, अक्कलशून्य बाई!"

"सगळ्यांनी ऐकलं ना? कबूल केलं हिने!"

कात्रीने मग पुढचा वाद सोडून दिला. ही तिच्या आयुष्यातली पहिली खेप. तिने कोटाच्या बाह्या सारल्या आणि दोन्ही हात केकमध्ये घातले. एवढ्या नेटाने इस्त्री केलेलं क्रीम, जॅमचं अस्तर, सगळं मूठ मूठ घेऊन बोटांत चुरडत गेली. आधी मोठे तुकडे, मग बारीक, मग भुगा. भिंतीवरचा आणि फरशीवरचा तुकडासुद्धा तिने गुडघे टेकून चिवडला. मुलं बघत होती. नात हलली नाही. कात्रीच्या नाकावर क्रीम, कोटावर जॅम, आणि टाचणी नाही.

"पोटात गेली असेल माझ्या!" बाई गळा धरून खुर्चीवर बसल्या. खुर्ची मुलांची होती, ती करकरली.

तेव्हा गुडघ्यावर बसलेल्या आजीजवळ नात गेली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या कॉलरमागे मोती लागलाय."

सुनेने पुढे होऊन कॉलर उलटली. टाचणी तिथे खोचलेली होती, अगदी सरळ. सकाळी सुनेला उत्तर देताना हाताने आपलं रोजचं काम केलं होतं. एप्रन नव्हता तर कोटावर केलं.

कोण आधी हसलं ते सांगता येत नाही, पण सगळ्या आया हसल्या आणि बाई सगळ्यांपेक्षा मोठ्याने. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या उठल्या आणि त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. "हा चुरा आता कचऱ्यात. कुणी हात लावायचा नाही."

नातीची ओंजळ अजून तशीच होती. त्यात बिस्किट पडलं. ते तिने हळूच टेबलावर ठेवून दिलं.

तेव्हा सून, जी काचेमागे बसून बसून गप्प राहायला शिकली होती, टेबलाशी गेली. तिने त्या भुग्यातून मूठ भरून घेतली आणि बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ली. सावकाश, चावून. मग दुसरी मूठ लेकीच्या ओंजळीत घातली.

"बाई, गेल्या वर्षीचा कच्चा नव्हता," ती म्हणाली. "हे तुम्हालाही माहीत होतं." आणि सासूकडे वळून, "साखर कमी पडलीय, आई."

"तुझ्या जिभेवरच कमी आहे," कात्री फरशीवरून म्हणाली.

नात खात होती. रांगेतली एकदोन मुलं बाईंची नजर चुकवून तिच्याजवळ सरकली आणि भुग्याचा डोंगर जरासा खचला.

पुढे गल्लीत गोष्ट पसरली ती अशी, की कात्रीने बाईंना केकमधून टाचणी चारायला बघितलं, आणि चारता आली नाही तेव्हा हात उचलला. बाईंनीच पसरवली. दुकानात गिऱ्हाइकं भीतभीत विचारतात, "ताई, खरं का हो?"

कात्रीने एवढंच सांगितलं तरी पुरे, की बाईंना वाचवायला मारलं आणि टाचणी आपल्याच कॉलरमध्ये होती. पण ती तसं सांगत नाही. बाईंचा जीव वाचवायला धावली, असं गल्लीत आपल्याविषयी बोललं जावं? आणि आपली टाचणी आपल्यालाच सापडली नाही, असं? त्यापेक्षा ती ओठांत टाचण्या धरते, डोळे बारीक करते, आणि गिऱ्हाइकाला जे समजायचं ते समजू देते. सून त्या वेळी तिथे असली तर तीही काही बोलत नाही.