अमावास्येची माती

आमच्या हरसूलकडच्या गावात अमावास्येला कुणी नांगर धरत नाही. खदानीतही त्या दिवशी घण उचलत नाहीत. दगडालाही महिन्यातून एक दिवस निजू द्यावं, असं जुनी माणसं सांगतात.

मी अंगणवाडीत काम करते. अमावास्येला सकाळी मारुतीला तेल घालायला निघाले की वाटेत सिंधुबाई भेटायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं घमेलं.

"आज तरी टेक गं," मी म्हणायचे.

"आजच तर सवड हाय, ताई. बाकीचे दिवस खदानीचे, न्हाईतर शेताचे."

तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, चंदरचं, वर्ष असं दोन जागी वाटलेलं होतं. पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली. ती संक्रांतीपर्यंत पुरायची. पुढची भाकरी खदानीतून. चंदर घणानं दगड फोडायचा, सिंधुबाई खडी वाहायची. त्या धुळीनं चंदरला खोकला लागला होता. घराखाली त्यांचा एक तुकडा होता, पण नुसता खडक. तिथं भात झाला असता तर चंदरची खदान सुटली असती.

खदानीत दगड लागण्याआधी वरची माती खरवडून बाजूला टाकतात. तिथल्या कामाची ती अडगळ. सिंधुबाईनं मुकादम पुंजारामला विचारलं, "ही माती नेऊ का?"

"ने की," तो हसला. "सगळा डोंगर ने, फक्त दगड ठेव."

त्या दिवसापासून तिनं दर अमावास्येला घराखालच्या खडकावर माती वाहिली. चंदरनं खालच्या अंगाला दगडाचा बांध रचला. भाताचं खाचर भरलं की घण देवळाच्या पायरीशी ठेवायचा, असा नवस तो मारुतीला बोलला होता.

सासू साळूबाई दारात बसून टोमणे मारायची. "अमावास्येला माती हलवती! घरात काय दोष आणशील तो आण."

"नांगर नाय लावला, आत्याबाई. नुसती उचलून ठेवली."

"मग मला बी ठेव उचलून त्यात. वीतभर तरी भरंल."

अशी आठ वर्षं गेली. खाचर भरायला वीतभरच राहिलं होतं. तेव्हा सिंधुबाई भावाच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेली. चंदरचा दम तोवर फार उणा झाला होता. घण अर्ध्यातच खाली यायचा. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. आता लवकर सुटका व्हावी म्हणून त्यानं क्रशरवरची कच, म्हणजे खडी दळताना पडते ती भुकटी, ट्रॉली भरून खाचरात टाकून घेतली आणि हातानं पसरली. सिंधुबाई परत आली तर खाचर करड्या रंगाचं, एका पातळीत. तिनं घमेलं घेतलं. वर चार बोटं माती घातली आणि आषाढात भाताची आवणी केली.

पावसात ती कच तव्यासारखी बसली. रोपांची मुळं खाली उतरेनात. श्रावणात सगळा भात पिवळा पडला.

"आठ वर्सांची माती मारली मी तुझी," चंदर म्हणाला. दिवाळी झाल्यावर तो पुन्हा खदानीत गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात लोकांनी त्याला उचलून घरी आणलं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ छातीत बसली आहे, ती आता निघायची नाही.

पौषातल्या अमावास्येला मी तेल घेऊन निघाले तर सिंधुबाई खाचरात, आणि हातात टिकाव. कच फोडून काढायची म्हणून तिनं एक कोपरा उकरला होता. ती वाकून हातानं माती चाचपत होती.

"ताई, हात लावा इथं."

मी हात लावला. कचेखालची माती कोरडी ठणठणीत होती. वरची चार बोटं अजून ओलसर होती. पावसाळा सरून तीन महिने झाले होते.

"हिनं पाणी धरलंय," ती हळूच म्हणाली. "जागा चुकली नुसती. कच तळाला पायजे, माती वर."

म्हणजे सगळं खाचर उलटं करायचं. पट्टा पट्टा खणायचा, माती काढायची, कच तळाला चोपायची, वर पुन्हा माती. चंदर पडून होता, म्हणून रोज खदानीत तिलाच जावं लागे. हातात होत्या फक्त अमावास्या.

साळूबाई दारातून ओरडली, "आता तर खणतीस? अमावास्येला?"

"खणते. दोष लागला तर मला लागू दे."

म्हातारी दाराला धरून उठली. मग काठी टेकत खाली उतरली आणि रिकामं घमेलं उचललं. "सरक तिकडं. दोघींत वाटला की दोष हलका होतो."

त्या दिवशी मी मारुतीला दोघींच्या नावानं तेल घातलं. त्यापुढच्या अमावास्यांना देवळातून परतताना मीही एकदोन घमेली उचलली.

अशा कित्येक अमावास्यांनी सगळं खाचर उलटं झालं, आणि गेल्या पावसाळ्यात त्यात पाणी उभं राहिलं. चंदर गोधडी पांघरून बांधावर बसायचा. मला म्हणाला, "छातीत बसली ती काय उठत नाय, ताई. पण शेतात बरी बसली."

दसऱ्यानंतर भात निघाला. पहिल्या भाताचा नैवेद्य घेऊन तिघं देवळाकडं निघाले. चंदर दर दहा पावलांवर थांबत होता. नवसाचा घण त्याच्यानं उचलवेना. सिंधुबाईनं तो चुंबळीवर घेतला आणि देवळाच्या पायरीशी उतरवला. चंदरनं त्याला हात लावून नमस्कार केला.

भात होळीपर्यंत पुरला. त्यानंतर सिंधुबाई पुन्हा एकटी खदानीत जाऊ लागली, खडी वाहायला. घण अजून पायरीशीच आहे. मी तेल घालायला जाते तेव्हा दोन थेंब त्याच्यावरही घालते, गंजू नये म्हणून.