जनकाबाईनं पाहिलेली दोन पानं

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या जनकाबाईला पळस बघवत नसे. मे महिन्यात माळावरचं गवत करपून गेलेलं असायचं, आणि पळस तेवढा नव्या पानांनी भरलेला. त्याच्याकडं नजर गेली की ती तोंड फिरवायची.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. एक दिवस ती तापानं फणफणली. हजेरीच्या मस्टरवर नाव होतं, खाडा पडला तर मजुरी बुडायची, म्हणून तिच्या जागी सोळा वर्षांची लेक शीतल गेली. कामावरचं पाणी दुपारच्या आतच संपलं. पोरगी चक्कर येऊन पडली. बायांनी तिला उचलून पळसाखाली आणलं, पदरानं वारा घातला. जीप दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

नवरा सटवाजी चार दिवस जेवला नाही. पुढं त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोललंच नाही. तो आपल्यालाच दोष देतो, फक्त तोंडानं म्हणत नाही, असं जनकाबाईनं धरून चाललं.

अकरा वर्षं गेली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला. जनकाबाई गावाजवळच्या नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरू लागली. तिथं नांदेडहून धम्मानंद नावाचा तरुण आला. झाडं उन्हाळा कसा सोसतात, यावर तो पीएचडी करत होता. बांधावरच्या पळसाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून तो पानांतून निघणारी हवा काचेच्या नळीत धरायचा. त्याच्या हाताखाली जनकाबाईला दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

पळसातच एवढं काय आहे, असं तिनं एकदा विचारलंच.

"मावशी, ऊन वाढलं की पळस पानातून एक वायू सोडतो. डोळ्याला दिसत न्हाई. त्याच्यामुळं पान उन्हानं आतून बिघडत न्हाई. स्वतःच्या अन्नातलंच थोडं तो त्याच्यावर खर्चतो."

एके दिवशी त्यानं दोन डहाळ्या दोन बाटल्यांत ठेवल्या. एकीच्या पाण्यात तो वायू अडवणारं औषध घातलं. दोन्हींची पानं दिव्याखाली सारखीच तापवली, मग थंड होऊ दिली. पान किती अन्न तयार करतंय ते यंत्रावर दिसायचं. साध्या पानाचा पडलेला आकडा हळूहळू पुन्हा वर चढला. औषधाच्या पानाचा खालीच राहिला. दिसायला दोन्ही हिरवीगार.

"आता याला सावलीत ठेवलं, पाणी दिलं, तर?" जनकाबाईनं विचारलं.

"उपयोग न्हाई, मावशी. लई तापलंय ते. जे आधी पाहिजे होतं, ते नंतर देऊन भागत न्हाई."

जनकाबाई मटकन खाली बसली. त्याला वाटलं ऊन लागलं, तो पाणी आणायला धावला. मग तिनं त्याला शीतलचं सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती हे कुणापाशी बोलत होती. सावली मिळाली होती, वारा घातला होता, तरी पोरगी का वाचली नाही, हे तिला कधी उमगलं नव्हतं. धम्मानंदनं यंत्र बंद केलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

संध्याकाळी भाकरी थापताना ती सटवाजीला म्हणाली, "मी तापानं पडले नसते तर शीतल गेली नसती. तुमी बोलत न्हाई, पण मनात हाय तुमच्या."

सटवाजीनं दाराकडं पाहिलं.

"त्या दिवशी सकाळी ती पाण्याची कळशी घेऊन निघाली होती," तो म्हणाला. "मीच म्हणलं, वजन काहून नेऊन राहिलीस, तिथं असतंय पाणी. तिनं दारातच ठेवली."

तव्यावरची भाकरी जळाली. जनकाबाईनं ती उतरवली नाही. ती उठून नवऱ्याजवळ जाऊन बसली, आणि दोघंही लहान लेकरासारखी रडली.

त्यानंतर सटवाजी दोनच वर्षं जगला. पण त्या दोन वर्षांत घरात शीतलचं नाव निघायचं. तिला चिंचा किती आवडायच्या, शाळेत जाताना ती वेणी कशी घट्ट बांधून मागायची, हे दोघं एकमेकांना सांगत बसायची. तो गेल्यावर मात्र जनकाबाईला ते सांगायला कुणी उरलं नाही.