पवनचक्क्या पलीकडे आहेत

परळच्या त्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर एकेक पाटी होती. पोर्ट, शिपिंग, ऑइल, विंड, टुरिझम. दाराजवळच्या टेबलावर फिशरीज. तिथे पाण्याच्या बाटल्या होत्या, कोरे पॅड होते, गोळ्यांची वाटी होती. माणूस नव्हता. माझ्या मित्राने माइक हातात घेतला, त्या टेबलाकडे बघून सुस्कारा सोडला आणि इंग्रजीत म्हणाला, "मच्छीमार बांधवांना आपण आग्रहाने बोलावलं होतं. दुर्दैवाने त्यांनी रस दाखवला नाही."

मी मागे दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत बसले होते. हे वाक्य मला मराठीत आणि गुजरातीत करायचं होतं. केलं. करताना अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या होत्या. वर्षाची मिळकत ज्या दिवसांवर असते, त्या दिवसांत होडी किनाऱ्याला बांधून परळला कोण येईल? हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं, समोर बसून सांगितलं होतं, मेसेज करूनही सांगितलं होतं.

काम काय होतं ते सांगते. महाराष्ट्र आणि गुजरात यांची जमिनीवरची हद्द किनाऱ्यापाशी येते आणि तिथून पाण्यात शिरते. पुढे ती फक्त नकाशावरची रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना दोन्हीकडच्या होड्या जातात, तिच्यावरून जहाजं जातात, आणि आता तिच्या आसपास समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. दोन्ही राज्यांतल्या सगळ्यांना एकत्र बसवून कुठे काय चालावं याचा एक आराखडा करायचा, असं दोन्ही सरकारांचं ठरलं होतं. बैठका घडवून आणायचं काम मित्राच्या कंपनीला मिळालं. तो कॉलेजपासूनचा मित्र, दादरचा. माझ्या आईच्या हातची अळूवडी खात मोठा झाला म्हटलं तरी चालेल. मी गिरगावची. आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं गुजराती, त्यामुळे दोन्ही भाषांत भांडायला मी लहानपणीच शिकले. पुढे तोच धंदा झाला. त्याने बोलावलं तेव्हा मला आनंदच झाला होता.

बैठक संपल्यावर मी त्याला लॉबीत गाठलं.

"रस दाखवला नाही? तू तारीख कुठली धरलीस ते सांग ना सगळ्यांना."

"अगं, विंडवाल्यांचा माणूस तेव्हाच मोकळा होता. सगळ्यांना सोयीची तारीख मिळत नसते."

"सगळ्यांना मिळाली. एक टेबल सोडून."

"तू दुभाषी आहेस," तो हसून म्हणाला, "युनियन लीडर नाहीस."

मी ते हसणं सहन केलं, पण सोडलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्याच्या लालबागच्या ऑफिसात जाऊन भुणभुण लावली. शेवटी कंटाळून म्हणाला, "बंदीच्या दिवसांत एक बैठक लाव मग. पण सगळं तूच बघायचं. आणि हॉटेल वगैरे नाही मिळणार."

हॉटेल हवंय कुणाला? आमच्या वाडीच्या तोंडाशी एक हॉल आहे. मुंजी, साखरपुडे, साड्यांचे सेल, सगळं तिथेच होतं. तो जुलैमधल्या एका शनिवारी मिळाला. पालघरच्या बाजूच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, बी.कॉम. झालेल्या, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायचे. त्या पंधराएक माणसं घेऊन आल्या. गुजरातच्या बाजूने एक काका आले, चार होड्यांचे मालक, सोबत त्यांची भावकी. ते मुंबई सेंट्रलला उतरून थेट आले, तोंडंसुद्धा हॉलच्या मोरीत धुतली. शिपिंगच्या वतीने दादरचे एक निवृत्त कॅप्टन आले. विंड कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. मित्र आला आणि मागच्या खुर्चीत फोन घेऊन बसला.

चहा-उपमा होईपर्यंत सगळं गोड चाललं. मग ताई उभ्या राहिल्या. काकांकडे बोट रोखून म्हणाल्या, "तुमच्या ट्रॉलरनी आमची खुंटांना बांधलेली डोल जाळी फाडली. एकदा नाही, दरवर्षी. आणि वर आमच्याच पोरांना शिव्या."

काका माझ्याकडे वळले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, तुम्हीच खुंट रोवत रोवत आमच्या बाजूला येता आणि समुद्र बापजाद्यांचा असल्यासारखे वागता. त्यानंतर त्यांनी जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. मी क्षणभर थांबले. काका म्हणाले, "बेन, बधुं कहेजो." सगळं सांगा. मग मी सगळं सांगितलं. ताईंनी त्याहून तिखट उत्तर दिलं, तेही सांगितलं. खुर्च्या सरकल्या. दोन्हीकडची माणसं उभी राहिली. मागून मित्राने मला हाताने खूण केली, की बघ, हेच होणार होतं.

तेवढ्यात कॅप्टन उठले आणि हिंदीत म्हणाले, "जाळी फक्त ट्रॉलर फाडत नाहीत. आम्हीपण फाडतो. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजं तिथेच घिरट्या घालतात. एका संध्याकाळी मी स्वतः जहाजाच्या ब्रिजवर होतो. खाली काहीतरी गेलं हे कळलं होतं. थांबलो नाही."

मग दोन्ही बाजू एकजुटीने त्यांच्यावर तुटून पडल्या. मला भाषांतर करायची गरजच उरली नाही. कॅप्टन खाली मान घालून ऐकत राहिले, उठून गेले नाहीत. लोकांचा राग ओसरल्यावर त्यांनी फळ्यावर खडूने जहाजांचा रस्ता काढून दाखवला आणि विचारलं, "सांगा, कुठून गेलं तर चालेल?"

तिथून खरी बैठक सुरू झाली. हंगामात जहाजांनी किती बाहेरून जावं, ट्रॉलरनी कुठल्या पट्ट्यात येऊ नये, खुंट कुठपर्यंत रोवावेत. भांडत होते, पण आता मुद्द्यावर भांडत होते. जेवणाआधी मी इंजिनिअरला म्हटलं, तुमच्या पवनचक्क्या कुठे येणार तेही दाखवा. तो बिचारा उत्साहाने पुढे झाला आणि त्याने फळ्यावर हद्दीची रेघ ओढून तिच्यावर एक लांबट गोल काढला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. नेमका दोघांच्याही जाळ्यांवर.

ताई म्हणाल्या, "पण आम्हाला आमच्याकडच्या साहेबांनी सांगितलंय, पवनचक्क्या पलीकडे आहेत. गुजरातच्या हद्दीत."

मी काकांना सांगितलं. काका फळ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, आम्हाला सांगितलंय की त्या महाराष्ट्रात आहेत.

ताई आणि काका एकमेकांकडे बघत होते. सकाळपासून आई-बहिणीपर्यंत गेलेली माणसं ती. ताईंनी विचारलं, "म्हणजे आपल्याला दोघांनाही...?" वाक्य पुरं केलं नाही. काकांनी मान हलवली. ते मराठीत होतं, तरी त्यांना कळलं.

मी इंजिनिअरला विचारलं, "हा गोल हलवता येईल का?"

"येईल ना," तो म्हणाला. "थोडा बाहेर सरकवला तरी वारा तेवढाच आहे. खर्च जरा वाढेल, पण डिझाइन अजून पक्कं नाही. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, इथे कोण काय करतं ते."

त्या वाक्याने माझ्या डोक्यात जी आग लागली ती अजून विझलेली नाही. कुणीतरी दुष्टपणे काही केलं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. इथे फक्त कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून गोल कुठे असावा ते फळ्यावर काढलं. निघताना काकांनी ताईंचा फोन नंबर घेतला. मित्राने फोटो काढले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "कमाल केलीस गं," म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

दिवाळीनंतर परळच्या त्याच हॉटेलात आराखडा सादर झाला. या वेळी फिशरीजच्या टेबलावर ताई आणि काका शेजारी शेजारी बसले होते. होड्या घरच्यांवर सोपवून आले होते. कानात माझा आवाज. मित्र पडद्यावर एकेक स्लाइड दाखवत होता. आमच्या हॉलचा फोटो आला. त्यात ताई काकांवर बोट रोखून उभ्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं की सर्व क्षेत्रांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला. पुढची स्लाइड नकाशाची. गोल जिथे होता तिथेच.

मित्र म्हणाला, "गिरगावच्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या मच्छीमारांशी सविस्तर चर्चा झाली. या जागेला त्यांनी हरकत घेतली नाही."

दुभाष्याने स्वतःचं मत घालायचं नसतं. आयुष्यभर मी ते पाळलं आहे. शिव्याही जशाच्या तशा पोचवल्या आहेत. ते वाक्य मी आधी मराठीत केलं, मग गुजरातीत. माझ्या आवाजातून ते ताईंच्या आणि काकांच्या कानात गेलं आणि दोघांनीही मागे वळून माझ्याकडे बघितलं. काचेतून. जणू ते मीच म्हटलं होतं.

मी माइक सोडला नाही. मराठीत म्हटलं, "आत्ता जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. हे भाषांतर नाही. हे मी बोलतेय." मग तेच गुजरातीत. मग इंग्रजीत, कारण हेडफोन बऱ्याच जणांच्या कानात होते.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. ताई उठल्या, त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि बोलू लागल्या. काकाही उठले. मग शिपिंगच्या टेबलावरून कॅप्टन उभे राहिले. "मी त्या हॉलमध्ये होतो. हरकत घेतली होती, आणि पर्यायही दिला होता," एवढंच म्हणाले. सगळ्यांनी इंजिनिअरकडे बघितलं. तो बसूनच राहिला. त्याच्या शेजारी त्याचे साहेब होते. मी त्याला दोष देत नाही असं म्हणावंसं वाटतं, पण देते.

बैठक आटोपती घेतली गेली. मित्र तरातरा माझ्याकडे आला.

"तोंडघशी पाडलंस मला. सगळ्यांसमोर."

"तू खोटं का बोललास?"

"गोल हलवायचा म्हणजे दोन्हीकडच्या परवानग्या पुन्हा पहिल्यापासून. कळतं तुला? वर्षं जातात. क्लायंटला हे चालणार नव्हतं. मच्छीमारांचे अभिप्राय मी शेवटी परिशिष्टात टाकलेत की."

"मग हरकत घेतली नाही असं कसं म्हणालास?"

"सगळे असंच म्हणतात!" तो ओरडला. लॉबीतली माणसं बघायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्यावर भरवसा टाकला होता गं मी."

मी त्याला काय काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. आठवतं तेही छापण्यासारखं नाही. आमच्या मजल्यावर शिकलेलं दोन्ही भाषांतलं सगळं बाहेर आलं.

आराखडा मंजूर झाला नाही. रद्दही झाला नाही. फेरविचाराधीन आहे, असं ताईंना सांगितलं जातं. काकांना त्यांच्या बाजूचं ऑफिस सांगतं की फाइल मुंबईला आहे. मला परिषदांची कामं येणं जवळजवळ थांबलं. पुस्तकांची भाषांतरं करते, त्यावर चाललंय. त्या पट्ट्यात मध्येच सर्व्हेच्या बोटी फिरून जातात, मग ताईंचा फोन येतो आणि आम्ही दोघी मिळून अर्धा तास यथेच्छ शिव्या घालतो. एक मात्र झालं. ट्रॉलर कुणाच्या जाळ्यात शिरला की आता ताई सरळ काकांना फोन लावतात. हिंदीत भांडतात, माझी गरज पडत नाही. काकांनी दोनदा जाळ्यांची भरपाई करून दिली म्हणे.

मध्यंतरी ठाकुरद्वारला एका लग्नात मित्र भेटला. पंगतीत नेमका समोर आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, आईची चौकशी झाली. मग त्याने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे," मी म्हटलं.

तो काहीतरी समजावायला लागला. मी वाढप्याला बोलावून मठ्ठा मागितला. पुढच्या आठवड्यात ताई आणि काका एकत्र जाऊन दोन्ही राज्यांच्या साहेबांना एकाच दिवशी भेटणार आहेत. मी सोबत जाणार आहे. तारीख त्यांनी दोघांनी ठरवली आहे.