धुक्यातली बॅटरी

मानवतच्या आप्पारावांची हयात एसटी चालवण्यात गेली. दाट धुक्यात ते कंडक्टरला बॅटरी घेऊन गाडीपुढं चालायला लावत आणि त्या उजेडामागं गाडी नेत.

विमानतळावर नोकरीला असलेल्या लेकीकडं, पंकजाकडं, ते पहिल्यांदाच विमानानं निघाले. उतरताना बाहेर धुक्यानं काहीच दिसेना. धावपट्टीलगतच्या यंत्रांच्या रेडिओ लहरी पायलटला वाट दाखवतात, विमान जरा बाजूला सरकलं तरी त्याला कळतं, हे पंकजानं सांगितलेलं. ती यंत्रं तीच सांभाळायची. तरी आप्पारावांचा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबतच राहिला. मग चाकं अलगद टेकली.

बाहेर पंकजानं विचारलं, “भ्या वाटलं का, बाबा?”

“बॅटरी घेऊन पुढं तू चालायलीस म्हणून बसून ऱ्हायलो,” घाम पुसत ते म्हणाले. “न्हाईतर कवाच उतरलो असतो.”