मनियारणीनं हात सोडला

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "ताई, तुमच्या रक्तात एचआयव्ही आहे," ते म्हणाले. एचआयव्ही म्हणजे अंगाची राखणदारी पोखरणारा विषाणू. ती ढासळून इतर आजार जडू लागले की एड्स म्हणतात. हे मला आता सांगता येतं. तेव्हा मी एवढंच विचारलं, की माझ्या मालकांना झालेला टीबी याच्यामुळेच का. ते म्हणाले, "बहुतेक."

मालक ट्रकवर होते. ते टीबीनं गेल्यानंतर मला ताप धरला, तोंड येऊ लागलं, वजन उतरलं. गावातल्या सुया घेत राहिले. रोहिणखेडहून बुलढाण्याचा सरकारी दवाखाना काही परदेशात नाही, पण एसटीत कोणी विचारलं, कुठं चालली, तर काय सांगायचं? त्यातच उशीर झाला.

मग सीडी-फोर तपासलं, म्हणजे राखणदार पेशी किती उरल्यात ते. कमी होत्या. एआरटी सुरू झाली; या गोळ्या विषाणू मारत नाहीत, दाबून ठेवतात, म्हणून जन्मभर घ्यायच्या. सुरुवातीला ओकाऱ्या झाल्या, भलतीसलती स्वप्नं पडली. पुढे थांबलं.

माझी काळजी वेगळीच होती. मी मनियारीण. बाईचा हात धरायचा, साबण लावायचा, हाड दाबून बांगडी चढवायची. काच फुटते, तिलाही लागते, मलाही. डॉक्टरांना हे विचारायची लाज वाटली. मीच अक्कल चालवली आणि बांगड्या दोऱ्यात बांधून द्यायला लागले. घरी जाऊन भरा, म्हणायचे.

तिथंच फसले. हात न धरणारी मनियारीण आमच्याकडं कोणी पाहिली नव्हती. मालकांचा टीबी आजवर कोणी खोदून विचारला नव्हता, तो आता विचारू लागले. लपवायला गेले आणि दवंडी पिटून बसले. बाजारात माझ्या पालावर बाया येईनात. फार राग आला, सगळ्यात जास्त स्वतःचा.

शेवटी डॉक्टरांना विचारलंच. ते हसले नाहीत. "हात धरल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे होत नाही. तुम्हाला काच लागली तर थांबा, जखम धुवा, पट्टी बांधा, मग काम करा."

पुढच्या बाजारी मागच्या गल्लीतली सविता आली. सातवा महिना, हिरवा चुडा भरायचा होता. मी सवयीनं दोरा घेतला.

"चाची, माह्या हाताले काय झालं? काऊन धरत नाही?"

"तुह्या हाताले काही नाही झालं. मले झालं," मी म्हटलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. डॉक्टरांचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं.

मला वाटलं, उठते आता. पण तिचा हात तसाच पुढे होता.

"मंग भर ना," ती म्हणाली.

भरता भरता मी तिला तपासणीचं सांगितलं. पोटुशीची तपासणी वेळेवर झाली, तर आईला असलेला आजार बाळाला होऊ नये म्हणून औषध देता येतं. ती जाऊन आली. तिला काही नव्हतं.

पालावर पूर्वीची गर्दी अजून नाही. ज्या येतात त्यांचा हात मी धरते, आणि चुडा भरून होईपर्यंत तपासणीचं बोलते. अर्ध्या चुड्यावर बाई उठत नाही.